सव्वाचारची भेट

पास्कल डाबरेला स्वतःच्या लग्नाच्या तारखेची आठवण बायकोने, लिंडाने, करून द्यावी लागे, पण साहेबांचं अख्खं आयुष्य त्याला तोंडपाठ होतं. सत्ताविसाव्या वर्षी नगरसेवक, चौतिसाव्या वर्षी खासदार, बेचाळिसाव्या वर्षी राज्यमंत्री. मग ब्रसेल्स, मग युरोपच्या वतीने तीन देशांत दूत आणि आता मस्कत. तिथल्या अझैबा भागातल्या साहेबांच्या बंगल्यात जेवायला येणाऱ्या पाहुण्यांचे ड्रायव्हर स्वयंपाकघराच्या पायरीवर चहा पीत बसले की पास्कल त्यांना हे ऐकवायचा. अल मवालेहच्या भाजीबाजारात टोमॅटो निवडतानाही ऐकवायचा. तिथला एक भाजीवाला तर त्याला लांबूनच विचारी, "काय पास्कलभाई, तुमचा मिनिस्टर आज काय खाणार?"

मिनिस्टर बहुतेक वेळा पाव आणि चीज खात असे.

साहेबांचं नाव ब्राम एल्डेरिंक. गल्फच्या रिवाजाप्रमाणे सगळे त्यांना मिस्टर ब्राम म्हणत. नेदरलँड्समधल्या नदीकाठच्या एका गावात त्यांच्या वडिलांची बेकरी होती. सोहारला नवं बंदर उभं राहत होतं, तिथे काम करणाऱ्या ओमानी मुलांना शिकवून तयार करायला युरोपने एक प्रशिक्षण मिशन काढलं होतं, त्याचे ते प्रमुख. त्यांची उंची एवढी, की फ्रीजच्या वर ठेवलेलं काहीही त्यांच्यापासून लपत नसे. बायको पूर्वीच वेगळी झालेली, मूलबाळ नाही. बंगल्याच्या बोळात त्यांचे फोटो ओळीने लावले होते आणि पास्कलने साहेबांचं आयुष्य पाठ केलं ते या फोटोंवरची धूळ पुसता पुसता. राज्यमंत्री असतानाचा शेवटचा फोटो १९८४चा. ब्रसेल्समधला पहिला १९८६चा. मधल्या दोन वर्षांचा फोटो नव्हता, म्हणून पास्कलच्या गोष्टीतही ती दोन वर्षं नव्हती.

पास्कल वसईजवळच्या गिरीजचा. घरची केळीची बाग होती, पण ती थोरल्या भावाकडे जाणार हे दहाव्या वर्षीच कळलेलं. मुंबईच्या एका हॉटेलात त्याने दोन वर्षं नुसते कांदे सोलले आणि पुढची पाच वर्षं सूप ढवळलं. एकोणनव्वद साली मस्कतच्या हॉटेलात लागला. मिस्टर ब्राम सत्त्याण्णवला आले, ते पहिले दोन महिने त्या हॉटेलातच उतरले होते. रोज सकाळी अंडं बरोबर साडेचार मिनिटं उकडलेलं मिळत होतं, म्हणून त्यांनी विचारलं की हे कोण उकडतं. अशी पास्कलची नोकरी ठरली. पुढच्या वर्षी साहेबांनी आपल्या स्पॉन्सरशिपवर लिंडाचा आणि मुलीचा, ब्रेंडाचाही व्हिसा करून दिला. बंगल्यामागच्या दोन खोल्यांमध्ये, लग्नानंतर तेरा वर्षांनी, नवराबायको पहिल्यांदा सलग एका छपराखाली राहू लागले. लिंडा म्हणे, की तेव्हा कुठे तिला कळलं की हा माणूस घोरतो.

घराच्या तऱ्हा लिंडाला पचायला वेळ लागला. साहेब संध्याकाळी सहाला जेवत. पावाला लोणी लावून त्यावर चॉकलेटचा चुरा पसरून खात, साठीला आलेला माणूस. पाहुण्यांना कॉफीबरोबर एक बिस्किट देत आणि मग डब्याचं झाकण लावून टाकत. ओमानी पाहुणा तिथे बसलेला, ज्याच्या स्वतःच्या घरी खजूर आणि हलव्याशिवाय कॉफी पुढे येत नाही. पास्कल मान खाली घालून आत जाई आणि दोन मिनिटांनी खजुराचं ताट घेऊन येई, जणू साहेबांनीच सांगितलं होतं. साहेबांना वर्षभराने ते लक्षात आलं. त्यांनी बाजाराच्या यादीत स्वतःच्या हाताने 'खजूर' लिहायला सुरुवात केली. बिस्किट मात्र एकच राहिलं.

सगळ्यात कडेलोट म्हणजे संडासातलं कॅलेंडर. त्यांच्या देशात वाढदिवसांचं कॅलेंडर म्हणे संडासातच टांगतात, म्हणजे रोज नजर पडते. लिंडा साफसफाईला गेली तर तिथे पास्कल, लिंडा, ब्रेंडा, तिघांची नावं आपापल्या तारखेला लिहिलेली.

"माझं नाव संडासात टांगलंय तुझ्या मिनिस्टरने," ती पास्कलला म्हणाली.

"आमदार-खासदारांची नावं पण आहेत त्यात. बघ वर-खाली."

आणि दिवाणखान्याच्या मेजावर काळी डायरी. तिला साहेब अजेंडा म्हणत. तिच्यात लिहिलेलं झालं नाही असं कधी होत नसे आणि न लिहिलेलं सहसा होत नसे. मंत्र्याची भेट, दातांचा डॉक्टर, सख्ख्या बहिणीला रविवारी साडेसातला करायचा फोन, सगळं एका मापाच्या अक्षरात. जेवायला किती माणसं येणार हे पास्कलने पेन्सिलने त्यातच लिहायचं. सहा वर्षांत त्याने त्या डायरीत पाहुण्यांच्या आकड्याखेरीज काही लिहिलं नव्हतं.

२००२च्या ऑक्टोबरमध्ये एका सकाळी साहेबांनी सांगितलं की मिशनचं काम संपत आलं, वीस जानेवारीला आपण जाणार. आपल्या जागी कुणी येणार नाही, बंगला मालकाला परत. पास्कल "यस सर" म्हणाला आणि अंडं आणायला आत गेला.

ब्रेंडा तेव्हा बारावीत होती. परीक्षा मार्चमध्ये. साहेब गेले की पास्कलचा व्हिसा जाणार आणि त्याच्याबरोबर दोघींचाही. बारावीच्या मुलीला जानेवारीत गिरीजला नेऊन तिथल्या कुठल्या कॉलेजात घालणार? तिचं वर्ष गेलं असतं. ब्रेंडा आईबापांशी घरचं मराठी अडखळत बोलायची आणि चिडली की इंग्रजीत जायची. त्या आठवड्यात ती इंग्रजीतच बोलत होती.

वाट निघाली ती बाजारात. खतिजा नावाच्या एका ओमानी बाईचं मवालेहला मोठं स्वयंपाकघर होतं, ऑफिसांना जेवणाचे डबे पुरवणारं. तिचं बालपण झांजिबारला गेलेलं. हातात सोन्याच्या बांगड्या, आवाज चढा, आणि भाजी निवडताना ती पास्कलच्या पिशवीत डोकावून बघायची, कारण तो निवडतो ते चांगलं असतं हे तिला ठाऊक होतं. ती म्हणाली, "ये माझ्याकडे. फॅमिली पण घे. पण तुझ्या अर्बाबकडून रिलीज आण. माझी माणूस घ्यायची परवानगी पंधरा जानेवारीपर्यंत आहे. त्यानंतर खलास."

रिलीज म्हणजे जुन्या मालकाने, अर्बाबने, सही करून माणूस सोडायचा. मग नवा मालक त्याला देशाबाहेर न पाठवता आपल्या नावावर घेऊ शकतो.

आता कुणीही म्हणेल की जाऊन सही मागावी. पास्कलला ते जमेना. मोठ्या माणसाकडे थेट मागायचं नसतं, आपली अडचण त्याच्या कानावर घालायची असते आणि पुढचं त्याने ओळखायचं असतं. गिरीजला असंच चालतं, हॉटेलात असंच चालत होतं आणि मस्कतमध्येही त्याला वेगळं काही दिसलं नव्हतं. त्याने कानावर घातलं. ब्रेंडा बारावीत आहे, हे त्याने नोव्हेंबरात दोनदा आणि डिसेंबरात दोनदा सांगितलं. एकदा तर टेबलावर तिची परीक्षेची तारीखही सांगितली. साहेब दरवेळी मनापासून म्हणाले की वा, छान, मुलगी हुशार आहे.

"एवढा शिकलेला माणूस, आणि समजत कसं नाही?" पास्कल लिंडाला म्हणाला.

मग रुवीच्या चर्चमध्ये शुक्रवारच्या मिस्सेनंतर चार माणसांनी त्याला चार सल्ले दिले. सगळ्यांचं मत एकच पडलं, की नुसत्या रिलीजने काही हलत नाही, वजन लागतं. आणि तुझ्याकडे तर सगळ्यात मोठं वजन आहे, मिनिस्टर आहे. ऑफिसच्या कागदावर त्याच्याकडून पत्र घे, वरच्या कुणाला तरी लिहिलेलं, एका दिवसात काम.

पास्कलला ते पटलं, कारण त्यात साहेबांचा मोठेपणा होता. टायपिंग सेंटरमध्ये बसून त्याने पत्र तयार करवून घेतलं. सुरुवातीला साहेबांचं सगळं आयुष्य: नगरसेवक, खासदार, राज्यमंत्री, युरोपचे दूत, साल घालून, एकही चूक नाही. खाली तीन ओळी, की माझ्या स्वयंपाक्याच्या कामात आपण जातीने लक्ष घातलंत तर मी व्यक्तिशः आपला ऋणी राहीन. पत्र मिशनच्या छापील कागदावर घेण्याजोगं सोडलेलं, वर चार बोटं जागा. नाताळच्या दहा दिवस आधी त्याने ते नाश्त्याच्या ट्रेवर अंड्याशेजारी ठेवलं.

साहेबांनी ते वाचलं. पुन्हा वाचलं. पास्कलने त्यांचा चेहरा असा कधी पाहिला नव्हता. कागदाची घडी घालून त्यांनी ती ट्रेवर परत ठेवली.

"पास्कल, हे मी करू शकत नाही."

आणि ते ऑफिसला गेले. अंडं तसंच राहिलं.

त्यानंतर घरात सगळं वेळेवर होत राहिलं आणि कुणी जादा शब्द बोललं नाही. पास्कलने माळ्यावरून बॅगा काढल्या. लिंडाने त्या परत माळ्यावर टाकल्या. नाताळ तसाच आला. साहेबांची बहीण हेनी सुट्टीला आली. सत्तरीची, आखूड केसांची, स्वयंपाकघरात परवानगी न विचारता शिरणारी बाई. वाटाण्याचं घट्ट सूप करायला ती आली आणि लिंडाने तिच्यापुढे कांदे आणि सुरी ठेवली. दोघींचं मोडक्या इंग्रजीवर बरं जमलं. लिंडाने तिखट मटणाचं इंद्याल केलं होतं, हेनीने ते चाखून डोळे पुसले आणि अजून थोडं घेतलं.

हेनीनेच विचारलं, की यंदा घरात एवढं गप्प गप्प का. लिंडाने लपवलं नाही. पत्राचं सांगितलं. हेनीने सुरी खाली ठेवली.

तिने जे सांगितलं ते फोटो नसलेल्या दोन वर्षांचं होतं. ब्राम राज्यमंत्री असताना त्यांच्या गावात एक तुर्की भाजीवाला होता. आई त्याच्याकडून भाजी घ्यायची. त्याच्या मुलाचा राहण्याचा परवाना अडकला होता. आईने सांगितलं म्हणून ब्रामने मंत्रालयाच्या कागदावर तीन ओळी लिहून दिल्या. त्या वर्तमानपत्रात छापून आल्या. पक्ष म्हणाला थांबा, महिन्याभरात लोक विसरतील. ब्राम तिसऱ्या दिवशी राजीनामा देऊन घरी आला आणि दोन वर्षं वडिलांच्या बेकरीत हिशेबाला बसला. "त्याचं त्याला एवढं नाही," हेनी म्हणाली. "पण गाजावाजा झाल्यावर त्या मुलाची फाईल कुणी हातात घेईना. मुलगा परत गेला. ब्राम म्हणतो, मी लिहिलं नसतं तर कदाचित राहिला असता."

लिंडाने सूप होईपर्यंत वाट पाहिली. मग मागच्या खोल्यांत गेली.

"तू त्यांच्याकडे काय मागितलंस?" तिने पास्कलला विचारलं.

"पत्र."

"आपल्याला काय पाहिजे?"

"रिलीज."

"मग पत्र कशाला मागितलंस? न्हाव्याचा अर्बाब पण रिलीजवर सही करतो. शिंप्याचा करतो. त्याला काय मिनिस्टर व्हावं लागतं?"

पास्कल म्हणाला की एवढ्या मोठ्या माणसाला एवढा छोटा कागद कसा दाखवायचा.

"तू सहा वर्षं त्यांचं अंडं उकडतोस, आणि त्यांना एक सही मागायला तुला त्यांच्या आजोबापासूनचा इतिहास लागतो," ती म्हणाली. "कानावर घालू नको. डायरीत लिही."

हेनी नव्या वर्षाला परत गेली. पाच जानेवारीला, साहेब ऑफिसला गेल्यावर, पास्कल काळ्या डायरीसमोर उभा राहिला. मंगळवारचं पान उघडलं. चारला कुणी बँकवाला होता, पाचला कुणी इंजिनिअर. पेन्सिलीने त्याने मध्ये लिहिलं, सव्वाचार, पास्कल. मग खोडलं. मग लिंडा पदराला हात पुसत आली, तिने पेन्सिल घेतली आणि ते पुन्हा लिहिलं, जरा दाबून.

साहेबांनी ते पाहिलं असणार. त्यांनी ते खोडलं नाही. मंगळवारी सव्वाचारला पास्कल इस्त्रीचा शर्ट घालून अभ्यासिकेच्या दारात उभा राहिला तेव्हा साहेब उठून उभे राहिले, जसे ते कुणाहीसाठी राहत. त्यांनी खुर्ची दाखवली. पास्कल त्या खुर्चीवर पहिल्यांदाच बसला. कॉफी साहेबांनी स्वतः ओतली, डबा पुढे केला, पास्कलने एक बिस्किट घेतलं आणि साहेबांनी झाकण लावलं.

पास्कलने पाठ केलेलं बोलून टाकलं. तुम्ही माझे स्पॉन्सर आहात. तुम्ही वीसला जाणार. मला दुसरी नोकरी मिळाली आहे. रिलीजच्या फॉर्मवर तुमची सही लागते आणि कामगार खात्यात तुम्हाला स्वतः हजर व्हावं लागतं. पंधराच्या आत.

"हे उपकार आहेत का?" साहेबांनी विचारलं.

"नाही सर. नियम आहे. सगळ्यांना असतो."

"प्रत्येक मालकाला करावं लागतं?"

"सोडायचं असेल तर, हो सर."

"मग तू मला ऑक्टोबरमध्ये का नाही विचारलंस?"

"मी सांगितलं होतं सर. चार वेळा. ब्रेंडा बारावीत आहे म्हणून."

"तू मला सांगितलंस की ब्रेंडा बारावीत आहे," साहेब सावकाश म्हणाले, "आणि मी म्हणालो की मला आनंद झाला."

"यस सर."

"देवा," साहेब म्हणाले. त्यांनी डायरी ओढली आणि रविवार, बारा जानेवारीवर सकाळी आठ ते दोन अशी रेघ मारली. मग, पास्कल पुढे कितीतरी वर्षं सांगत असे, त्यांनी डब्याचं झाकण उघडलं आणि तो पुन्हा त्याच्यापुढे धरला.

रविवारी मिशनचा सरकारी कामं बघणारा माणूस म्हणाला की साहेबांनी यायची गरज नाही, आत आपली ओळख आहे, दहा मिनिटांत आणतो. साहेबांनी त्याला ऑफिसातच ठेवलं आणि गाडी स्वतः चालवत नेली. कामगार खात्याच्या बाहेर झाडाखाली अरबी फॉर्म भरून देणारा बसला होता. त्याने साहेबांचं नाव टाइप केलं आणि विचारलं, "स्पॉन्सरचा धंदा?"

पास्कलने तोंड उघडलं. नगरसेवकापासून सगळं जिभेवर आलं होतं.

"लिहा, घरी एक स्वयंपाकी कामाला आहे," साहेब म्हणाले. "वीस तारखेपर्यंत."

तो माणूस हसला आणि त्याने टाइप केलं, खाजगी मालक.

आत नंबर मिळाला सत्त्याऐंशी. साहेबांच्या एका बाजूला सलूनचा ओमानी मालक, दुसऱ्या बाजूला शिंप्याच्या दुकानाचा. साहेबांचे गुडघे पुढच्या खुर्चीला टेकत होते. खतिजा पलीकडे बायकांच्या ओळीत बांगड्या वाजवत बसली होती आणि दर पंधरा मिनिटांनी पास्कलकडे बघून घड्याळ दाखवत होती. साडेअकराला नंबर आला. खिडकीतल्या माणसाने कागद चाळले आणि परत सरकवले. साहेबांच्या पासपोर्टच्या शेवटच्या पानाची प्रत नव्हती. ती ठेवायची राहिली होती पास्कलकडूनच. "बुक्रा," म्हणजे उद्या या.

उद्या साहेब दोन दिवसांसाठी सोहारला जाणार होते. समारोपाचा कार्यक्रम, मंत्री येणार, डायरीत ऑक्टोबरपासून लिहिलेला. मग उरणार फक्त पंधरा, शेवटचा दिवस.

पास्कल टाचा उंचावून साहेबांच्या कानाशी गेला. "सर, फक्त एकदा सांगा तुम्ही कोण आहात."

"मी तुझा स्पॉन्सर आहे," साहेब म्हणाले. "ते त्यांना माहीत आहे." आणि खिडकीतल्या माणसाला विचारलं, की प्रत आज आणली तर नवा नंबर मिळेल का. मिळेल, तो म्हणाला, पण एकला खिडकी बंद.

प्रतीचं दुकान रस्त्यापलीकडे, तिथे वीस माणसं. बासष्ट वर्षांचा तो उंच माणूस रस्ता ओलांडून गेला, रांगेत उभा राहिला, परत आला. नवा नंबर एकशे एकोणचाळीस. खिडकीवर एकशे अठरा चालू होता. पास्कल नंबरांच्या पाटीकडे बघून ओठातल्या ओठात नमो मारियाची प्रार्थना म्हणत होता. एकला पाच कमी असताना सलूनचा मालक उठला. त्याचा नंबरही दुसऱ्यांदा आला होता, एकशे सदतीस. खिडकीशी जाऊन त्याने मागे साहेबांच्या गुडघ्यांकडे पाहिलं आणि अरबीत काहीतरी म्हणाला. खिडकीतल्या माणसाने हात हलवून आणखी तीन नंबर घेतले आणि मग काच ओढली. सही झाली, शिक्का बसला. खतिजाने कागद आपल्या पर्समध्ये टाकला आणि म्हणाली, "यल्ला पास्कल, एकवीस तारखेला पहाटे चारला भाजी येते. उशीर नको."

परतताना पास्कलने विचारलं, की तो सलूनवाला काय म्हणाला.

"मला अरबी तेवढं येत नाही," साहेब म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "मला वाटतं तो म्हणाला, या म्हाताऱ्याला घरी जाऊ द्या."

पास्कलला हसावं की नाही कळेना. साहेबच हसले.

ब्रेंडाने मार्चमध्ये परीक्षा दिली, मवालेहच्या स्वयंपाकघरामागच्या खोलीतून, कांद्याच्या वासात अभ्यास करून. केमिस्ट्रीत कमी पडले, बाकी बरे. ती पुढे पुण्याला शिकायला गेली. पास्कल खतिजाकडे सात वर्षं राहिला. रोज चारशे डबे, आणि अंडं बरोबर साडेचार मिनिटांचं असं पुन्हा कधी झालं नाही, कारण तिथे अंडी पातेल्याने उकडत.

साहेबांचं आयुष्य तो अजूनही सांगतो. नगरसेवक, खासदार, राज्यमंत्री. चौऱ्याऐंशीला आला की थांबतो आणि मग वडिलांच्या बेकरीत हिशेबाला बसले होते, तेही सांगतो. शेवटी म्हणतो, आणि दोन हजार तीनमध्ये, कामगार खात्यात, नंबर एकशे एकोणचाळीस.

दरवर्षी तिघांच्या वाढदिवसाला नेदरलँड्सहून पत्र येतं, त्याच दिवशी किंवा एक दिवस आधी. त्यावरून लिंडाला कळतं की तिचं नाव अजून तिथेच टांगलेलं आहे. तिने आपल्या खोलीतही एक तसं कॅलेंडर आणलं. त्यात पहिलं नाव साहेबांचं लिहिलं आणि पास्कलला खिळा ठोकायला सांगितलं. तो हातोडी घेऊन संडासाकडे निघाला, तर तिने त्याला हाक मारून परत बोलावलं आणि चुलीच्या वरची जागा दाखवली.